दाजींनी ताणलेली तार

सरळ चालणं म्हणजे चपलांचा खून, असं मनापासून मानणारा जगात एकच माणूस झाला आणि तो नेमका आमच्या अक्काच्या वाट्याला आला. हे आमचे दाजी. वेल्ह्याच्या वरच्या वाडीतल्या मेंढपाळाच्या घरातले, पण रेल्वेच्या विजेच्या तारा ओढणाऱ्या टोळीचे मुकादम. विजेच्या इंजिनाच्या डोक्यावरची पट्टी तारेला घासत धावते. ती एकाच जागी झिजू नये म्हणून तार खांबागणिक थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे नेतात. दाजींनी हा नियम सगळ्या संसाराला लावला. रजेवर आले की नसरापूरला आमच्या घरी उतरत आणि तिथून वेल्ह्याची वाट नागमोडी चालत. समोरचे गाडीवान त्यांना प्यालेला समजून बैल बाजूला घेत. अक्का चटणी वाटायला बसली की हे डोक्याशी उभे. "अगं, जरा सरकवत वाट, पाट्याला खळगा पडंल!" अक्का म्हणे, "पाटा माज्या म्हायेरचा हाय. तुमी तुमच्या तारा बगा."

सैल काही तर त्यांना बघवतच नसे. आमची कपडे वाळत घालायची दोरी त्यांनी एकदा अशी ताणली, की आईचं ओलं लुगडं पडताच भिंतीतली खुंटी मातीसकट बाहेर आली. दाजी खुंटीवरच रागावले.

भोरचं संस्थान विलीन झाल्यावर तीन-चार वर्षांनी, गाड्या जास्त वेगानं पळाव्यात म्हणून लोणावळ्याच्या अलीकडच्या जुन्या तारा नव्यानं ताणायचं काम त्यांच्या टोळीकडे आलं. वेग वाढला की सैल तार हेलकावे खाते, पट्टी तारेपासून सुटते आणि ठिणग्या उडतात. दाजींचे वडील, आबा, या नोकरीला 'दोऱ्या बांधायचा धंदा' म्हणत. लेक आज ना उद्या परत येईल, म्हणून त्याच्या वाटणीची मेंढरं त्यांनी राखून ठेवली होती. दाजी फुशारकीनं बोलून गेले, "आबा, चाचणीला यक ठिनगी जरी उडाली, तर म्या नोकरी सोडून घोंगडं घेतो!" आबांनी लगेच "व्हय" म्हटलं आणि चाचणी बघायला माझ्याबरोबर निघाले. अक्कानं देव पाण्यात ठेवले. कुणाच्या बाजूनं, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

आम्ही रुळांपासून दूर बांधावर उभे राहिलो. गाडी धडाडत आली. मी गाडी बघत होतो, ते बापलेक नुसती तार. एकाला ठिणगी हवी होती, एकाला नको होती. शेवटचा डबा वळणाआड गेला, तार जराशी थरथरली आणि थांबली. ठिणगीचं नाव नाही! टोळीनं टोप्या हवेत उडवल्या, दाजींना खांद्यावर घेतलं. दाजी वरूनच ओरडत होते, "बगितलं का, आबा? बगितलं का?"

"बगितलं रं," आबा म्हणाले. "लई ब्येस वढलीया."

त्यांच्या तोंडून लेकाचं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला आनंद आवरेना. टोळी दाजींना मिरवत पुढं निघाली, तेव्हा आबा हळूच माझ्याकडे वळले.

"पावनं, त्येची मेंढरं इकायची म्हन्तो. नसरापुरात कुनी गिऱ्हाईक असलं तर बगा."

आणि मान वर करून ते पुन्हा तारेकडे बघत राहिले.