जावयाचं नाव रजिस्टरवर शोधताना

मार्चमधला पहिला शनिवार, सकाळ, इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स, आमचं स्वयंपाकघर. हजर: मी, नवरा, बहिणीची मुलगी. शिवाय शेजारच्या काकू, पोह्यांचा डबा घेऊन, आमंत्रणाशिवाय.

भाचीने घरासाठी दिलेली ऑफर आदल्या दिवशी मंजूर झाली होती. तिचं पहिलं घर! दोन बेडरूम, मागे बाग. फक्त मॉर्गेजचा, म्हणजे गृहकर्जाचा, अर्ज सोमवारपर्यंत सुरू झाला नाही, तर एजंट घर दुसऱ्याला दाखवणार होता. सल्लागार मात्र तयार होता: काकूंचा जावई. त्याने पासपोर्ट आणि पगाराच्या स्लिपा मागितल्या होत्या.

"पाठवू का गं मावशी?" भाचीचं बोट बटणावरच होतं.

"थांब. आधी रजिस्टर."

इथे मॉर्गेजचा सल्ला देणारी कंपनी आणि सल्ला देणारा माणूस, दोघांची नोंद वित्तीय नियामकाच्या वेबसाइटवरच्या रजिस्टरमध्ये असते. बघायला पैसे पडत नाहीत.

"अगं, जावई आहे तो माझा! लग्नात तूच त्याला आग्रह करकरून जिलेबी वाढलीस."

"मग लगेच सापडेल, काकू."

कंपनी सापडली. मॉर्गेजचा सल्ला द्यायची परवानगी होती. काकूंनी विजयी चेहऱ्याने माझ्या नवऱ्याला आणखी पोहे वाढले.

"पण मावशी, याचं नाव कुठाय?"

पुन्हा शोधलं. पासपोर्टवरचं पूर्ण नाव काकूंकडून लिहून घेतलं. तरी नाही.

"वेबसाइट बिघडली असेल," काकू म्हणाल्या.

मी फोन उचलला. जावयाच्या कार्डावरचा नंबर नाही, रजिस्टरवरचा लावला. स्पीकर चालू. भाचीने माझा दंड घट्ट धरला होता. कंपनीतल्या बाई गोड बोलल्या: हो, तो आमच्याकडेच आहे. ट्रेनिंग चालू आहे. कागद गोळा करतो, सल्ला त्याची सीनियर देते. आज दुपारी तिला वेळ आहे, चालेल?

"चालेल!" भाची ओरडलीच.

मी आधी त्या सीनियरचं नाव शोधलं. होतं. मग तिच्याशी व्हिडिओवर बोलणं झालं, कागद गेले आणि चहाच्या वेळेपर्यंत अर्ज सुरू झाल्याचा ईमेल आला. भाचीने मला उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

काकू मात्र रिकाम्या डब्याचं झाकण उघडत-लावत बसल्या होत्या. "स्थळ आलं तेव्हा सीनियर म्हणून सांगितलं होतं आम्हाला."

"तेव्हा कुणी रजिस्टर बघितलं नाही ना," नवरा म्हणाला. मी त्याच्याकडे डोळे वटारले, पण तोवर काकूच फस्सकन हसल्या.

"अर्ज सीनियरकडून केला, हे त्याला आता कोण सांगणार?" भाचीने विचारलं.

"तू," काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"जावई तुमचा, काकू."

माझ्या त्या दिवशीच्या कामांच्या यादीतलं सगळं खोडून झालं आहे. शेवटी जोडलेलं 'जावयाला कळवणे' तेवढं तसंच आहे. त्याच्यापुढे अजून कुणाचं नाव लिहिलेलं नाही.