एप्रिलचं माप

लोकरमावशीचं वर्ष इतरांच्या वर्षापेक्षा सहा महिने पुढे चालायचं. गावाने पंखे पुसून सुरू केले की ती लोकरीच्या गठ्ठ्यांचे दोर कापायची. वर पत्रा तापलेला, कपाळावर घाम, आणि मांडीवर गडद निळ्या लोकरीचा ढीग. येणारे-जाणारे दारातून डोकावून विचारायचे, "मावशी, थंडी वाजतेय का?" ती मान वर न करता म्हणायची, "मला नाही, तुम्हाला वाजेल. नोव्हेंबरात या." तीस वर्षं तोच प्रश्न आणि तेच उत्तर; पण विचारणाऱ्याला दर वर्षी वाटायचं की विनोद आपल्यालाच सुचला.

तिचं हातमशीन खिडकीला लागून होतं. सुयांची लांब रांग आणि तिच्यावरून डावीकडून उजवीकडे सरकणारा लोखंडी गाडा. नवरा गेला तेव्हा मुलगा पाळण्यात होता, आणि त्या गाड्याच्या खरखरीवरच तो झोपायला शिकला. आता त्याचं लग्न झालं होतं. तो मालगाडीवर नोकरीला असल्यामुळे महिन्यातले वीस दिवस बाहेर, आणि त्याची बायको बाह्या जोडायला सासूच्या शेजारी बसायची.

मावशीचं मुख्य काम म्हणजे गावातल्या शाळेचे स्वेटर. मुलं एकशे बेचाळीस. प्रत्येकाचं माप वेगळं, आणि ते घ्यायचं एप्रिलमध्ये. यातच सगळी कला होती. स्वेटर अंगात चढणार नोव्हेंबरच्या एक तारखेला, तोवर मूल वाढणार. मग किती वाढणार? मावशी टेप लावायची, पण विश्वास टेपवर ठेवायची नाही. ती मुलाचं मनगट दोन बोटांत धरायची, पायाच्या पंजाकडे बघायची, थोरला भाऊ असला तर तो कसा वाढला ते आठवायची. मग वहीत आकडा लिहायची आणि विणताना त्यावर वाढ धरायची: सुट्टीचं एक बोट, पुढच्या महिन्यांचं अर्धं. मुलं मे महिन्यात वाढतात, असं तिचं ठाम मत होतं. शाळा नाही, ओरडा नाही, दिवसभर उंडारणं. वाढणार नाहीत तर काय करतील? आणि नोव्हेंबरात बाही बरोबर मनगटाच्या हाडावर येऊन थांबायची. वर नाही, खाली नाही. पालक तोंडात बोट घालायचे. मावशी मात्र, यात काय एवढं, असा चेहरा करून उभी राहायची आणि मनातून फुलून यायची.

त्या वर्षी शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या. माणूस शिस्तीचा. त्यांनी मावशीला सांगितलं की एप्रिलमध्ये परीक्षा असतात, मुलांना वर्गातून उठवता येणार नाही. मापं जूनमध्ये, शाळा उघडल्यावर घ्या. वर हेही सांगितलं की कारखान्याचा माणूस येऊन गेलाय, त्याच्याकडे लहान, मध्यम, मोठा असे तीन तयार साइज आहेत. "यंदा तुमचंच काम राहू दे, मावशी. पण एक तारखेला मी स्वतः रांगेतून बघणार. नीट बसले नाहीत, तर पुढच्या वर्षी कारखाना."

तीन साइज! मावशीला ते शब्द रस्ताभर टोचत राहिले. एकशे बेचाळीस मुलं आणि तीन साइज. जशी काय मुलं नाहीत, बटाटे आहेत.

जूनमध्ये मापं झाली. दोन महिने हातचे गेले होते, म्हणून तिने कंबर कसली. गाडा सकाळी सहाला सुरू व्हायचा तो दिवस कलल्यावरच थांबायचा. ऑगस्टच्या मध्याला नव्वद स्वेटर घडी घालून फळीवर बसले होते.

एक दिवस मागच्या बेकरीतल्या पाववाल्याची नात काहीतरी निरोप घेऊन आली. दुसरीतली पोरगी, तोंडाला कुलूप नाही. तिला स्वतःचा स्वेटर बघायचा होता. मावशीने कौतुकाने काढून तिच्या अंगात घातला. बाही मनगट ओलांडून थेट बोटांच्या पेरांवर आली. पोरगी हात हलवत हसली, "माझे हात पळून गेले."

मावशीला आधी वाटलं, पोरगी नीट जेवत नसेल. मग तिने वही उघडली. मापाच्या वर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: जून. जूनचं माप म्हणजे सुट्टी संपल्यावरचं माप. मे महिन्यातली वाढ त्यात आलेलीच होती, आणि तिने तीस वर्षांच्या सवयीने सुट्टीचं बोट वर आणखी धरलं होतं. प्रत्येक बाहीत, प्रत्येक पाठीत, नव्वदच्या नव्वद स्वेटरांत.

सून पोरीला दारापर्यंत सोडून आली आणि समजुतीने बोलू लागली. थोडे सैल असले तर बिघडलं कुठे? आयांना सैलच आवडतात, दोन वर्षं जातात. बाही दुमडता येते. यंदा थंडी जास्त म्हणून मोठे केले, असंही सांगता येईल.

"दुमडून घालायचं तर कारखान्याचं काय वाईट आहे?" मावशी म्हणाली. "तो दुमडायलाच तर देतो."

"आई, नव्वद आहेत."

"मोजलेत मी. उसवणारही मीच आहे."

"तुम्हीच कशा?" सून कात्री शोधत म्हणाली. "बाह्या मी जोडल्यात. त्या उसवायला दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

मावशीने तिच्याकडे बघितलं. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, पण ही बाई आपल्या घरची आहे असं तिला त्या क्षणी पहिल्यांदा पुरतं वाटलं. कात्री तिच्या पुढ्यात सरकवली.

विणकाम जिथे संपतं तिथूनच ते उसवतं. त्यामुळे खांद्यापासून सुरुवात करून खाली यायचं, बोटभर कमी करायचं आणि पुन्हा खांदा घडवायचा. उसवलेली लोकर शेवयांसारखी वळवळते. ती भिजवून, लडी करून, खाली वजन बांधून वाळवावी लागते. आणि सप्टेंबर हा महिना काही वाळू देणारा नाही. लडी चार चार दिवस ओल्या. खोलीला वास येऊ लागला. सुनेचा धीर सुटत चालला.

तेव्हा मावशी बेकरीत गेली. भट्टीच्या पाठीची भिंत चोवीस तास गरम असते. तिने पाववाल्याला तिथे दोरी बांधू देता का, म्हणून विचारलं. तो म्हणाला की बांधा, पण माझ्या पावात लोकर निघाली तर लोक काय म्हणतील? "म्हणतील, पाव मऊ आहे," मावशी म्हणाली. तो हसला आणि स्वतः खिळे ठोकायला उठला. सकाळी टांगलेली लडी तिथे संध्याकाळी वाळून सरळ व्हायची. सगळा सप्टेंबर ती भिंत निळी होती, आणि मावशीच्या खोलीतून पावाचा वास यायचा.

ऑक्टोबरचं ऊन पडलं तेव्हा साठ झाले होते. मग नव्वद. मग उरलेले बावन्न, जे पहिल्या झटक्यातच अचूक उतरले. शेवटची बाही तीस ऑक्टोबरला दुपारी जोडली. सुनेने सुई सुयांच्या उशीत खोचली आणि जमिनीवर आडवी होऊन म्हणाली, आता मला आठ दिवस निळा रंग दाखवू नका.

एक तारखेला पटांगणात रांगा लागल्या. मोठ्या बाई एकेका मुलापाशी थांबत होत्या. हात पुढे करायला सांगत, मनगट बघत, पुढे जात. कुठे कॉलर सरळ केली, कुठे वाकून पाठ बघितली. मावशी कुंपणाशी उभी होती. तिने बाईंकडे बघितलंच नाही. तिची नजर मनगटांवर होती, आणि रांग संपायच्या कितीतरी आधी तिला उत्तर कळलं होतं. एकशे बेचाळीस मुलं, दोनशे चौऱ्याऐंशी बाह्या. प्रत्येक बरोबर हाडावर.

बाई जवळ आल्या. कारखान्याच्या माणसाला नाही म्हणून कळवते, असं म्हणाल्या. मावशीने हात जोडले असते आणि घरी गेली असती, तर गोष्ट तिथेच मिटत होती. पण तिने सगळं सांगून टाकलं. चूक, वही, नव्वद स्वेटर, भिंत.

बाईंनी जवळच्या मुलाची बाही पुन्हा एकदा निरखली. मग म्हणाल्या, "मला कधीच कळलं नसतं. सांगितलंत कशाला?"

"मापं परत एप्रिलमध्ये हवीत म्हणून. जूनमध्ये घेतली की पुढे हाताशी महिने उरत नाहीत, आणि घाईत माणूस सवयीने विणतो."

"आणि परीक्षा?"

"मुलं बाकावर पेपर लिहू देत. मी फक्त डावा हात मागेन. उत्तरं विचारणार नाही. मलाही येत नाहीत."

बाईंना हसू आवरलं नाही. ठीक आहे, एप्रिल, असं त्यांनी कबूल केलं. मग जरा संकोचाने आपला हात पुढे केला. सकाळच्या पाळीला वर्ग फार गार असतात, त्यांच्यासाठी एक विणून मिळेल का? त्यासाठीही एप्रिलपर्यंत थांबायचं का?

मावशीने मनगट दोन बोटांत धरलं, फिरवलं आणि सोडलं.

"तुमचं कुठल्याही महिन्यात घेता येतं, बाई. तुमची वाढ झालेली आहे."

आणि ती सुनेला हाक मारून घराकडे निघाली.