विस्तव झाका

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गिरगावात कर्फ्यू लागला, तेव्हा माझं नुकतंच लग्न झालेलं होतं. सासर फणसवाडीत, माहेर करी रोडला. आदल्याच दिवशी निरोप आला होता, आईचा ताप उतरत नाही, सारखी तुझं नाव घेते. घरात विचारणार तोच रस्ते बंद.

सासरे कचेरीत हेडक्लार्क. कचेरीला जाता येईना, म्हणून दिवसभर घरात, आणि इंग्रजी शब्दांची भारी हौस. मी शेगडीपाशी बसलेली असताना मांडीवर जाडजूड डिक्शनरी घेऊन सांगू लागले, "सूनबाई, कर्फ्यू हा मुळात एक शब्दच नव्हे. जुन्या फ्रेंचमधले दोन जोडलेत, झाका आणि विस्तव. संध्याकाळी घंटा झाली की घरोघर चुलीतला विस्तव झाकायचा, गावाला आग लागू नये म्हणून. तिथून तो इंग्रजीत आला. बघ, लोकांच्या भल्याचा शब्द."

मी निखाऱ्यांवर राख ओढत होते. रोजच ओढायचे, त्यासाठी मला कुणाची घंटा लागत नव्हती. इतका संताप आला की चिमटा शेगडीवर आपटला. खाली पोलीस, घरात हे. मला आईकडे जायचं होतं, दुसरं काही नको होतं.

पुढे सकाळी थोडा वेळ कर्फ्यू उठू लागला. बायका भाजीला उतरल्या. मी धीर करून म्हटलं, "मामंजी, आईला बघून येऊ? चालत जाईन."

"न्यायला कोण आलंय?"

माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय सुनेने माहेरी जायचं नाही, ही त्या घरची रीत. वडील मला नव्हतेच. एकुलता एक भाऊ सत्याग्रहात पकडला जाऊन तुरुंगात होता, आणि आईकडे चाळीतल्या शेजारणी बघत होत्या. हे सगळं त्यांना ठाऊक होतं.

"सुटला की येईल तो. रीत काय कर्फ्यू बघून मोडायची?" ते म्हणाले आणि पान उलटलं. नवरा बशीतला चहा फुंकत राहिला. त्याचा मला सासऱ्यांपेक्षा जास्त राग आला.

भाऊ सुटून घरी पोचला, त्याच सकाळी आई गेली. तिला पोचवून तो तसाच फणसवाडीत आला. केस उतरवलेले, डोळे सुजलेले. दारातूनच म्हणाला, "चल बाय."

सासऱ्यांनी लगेच जायला सांगितलं. न्यायला माणूस आलं होतं.