बदकांच्या तळ्यावरचा आडोसा

आमच्या अरब मालकाला, कफीलला, बदकं मारायची होती आणि मला बायकोशी बोलायचं होतं. आडोसा एकच होता, आणि तो मी बांधलेला होता. त्यामुळे मागे हटायचा प्रश्नच नव्हता.

सौदीत, रास तनुराच्या अलीकडे आमचा कॅम्प होता. तेलाचा पैसा वाहत होता, जिकडे बघावं तिकडे काँक्रीट पडत होतं, आणि आम्ही कोकणातले शटरिंगचे सुतार सहा-सहा जण एका खोलीत. घरी पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची, गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून. पण टेपरेकॉर्डर समोर ओढला की पाच जण कान टवकारून बसायचे. मग बोलणार काय? तब्येत बरी आहे, गुरांकडे लक्ष द्या. लग्नानंतर मी जेमतेम दोन महिने घरी राहिलो होतो. बायकोने उलट कॅसेटमध्ये सुनावलं, "अहो, तुम्ही बोलता की ग्रामपंचायतीत भाषण करता? माझ्याशी काही बोलायचंय की नाही?" पाचही जण खो खो हसले. माझं डोकंच फिरलं.

त्याच थंडीत कफीलने मला बोलावलं. आमचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, त्याच्या नावावर, पासपोर्ट त्याच्या कपाटात. कॅम्पच्या सांडपाण्याच्या तळ्यावर बदकं उतरत. बंदूक घेऊन लपायला जागा कर म्हणाला. मी केली. ओळंबा लावून फळ्या सरळ उभ्या, कोपरे गुण्याने काटकोनात, आणि वर पावसाचं पाणी ओघळावं म्हणून उतरतं छप्पर. वाळवंटात! हाताला तेच वळण. बदकं ते खोकं बघून पलीकडच्या काठाला गेली आणि कफील पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी छप्पर काढलं, फळ्या तिरक्या केल्या, वर बोरू आणि खजुराच्या झावळ्या कशाही बांधल्या. जन्मात पहिल्यांदा मुद्दाम वाकडं काम केलं. आत बसून फटीतून बघितलं तेव्हा लक्षात आलं, इथे माझं बोलणं ऐकायला कुणी नाही.

शुक्रवारी दुपारी टेपरेकॉर्डर काखोटीला मारून गेलो. आधी तोंडातून शब्द फुटेना. मग फुटला तो थांबेना. तिच्या ओल्या केसांबद्दल बोललो, निघताना मागे वळून का बघितलं नाही ते सांगितलं. रडलोही. लाजायचं काय त्यात?

एवढ्यात बाहेर गाडी थांबली. कफील, खांद्यावर बंदूक.

"तुम इधर क्या करता? यल्ला, बाहर!"

मी बटण बंद केलं नाही. "घर बात करता. थोडा रुको."

"ये मेरा जगह है!"

"बनाया मैंने." शिकारी ठेवतो तसं ओठांवर बोट ठेवलं आणि पाठ फिरवली. वाक्य अर्धं राहिलं होतं ते पुरं केलं. तो बाहेर उभा राहिला. का राहिला, मला आजही सांगता येणार नाही. बदकं केव्हाच उडाली होती. "खलास?" त्याने विचारलं. "अभी नहीं," मी म्हणालो, आणि कॅसेटची बाजू संपेपर्यंत बोललो.

दुसऱ्याच दिवशी कॅम्पच्या वर्कशॉपच्या सावलीतून माझी उचलबांगडी झाली, थेट रास तनुराला, उन्हात टाक्यांच्या पायाच्या कामावर. केली तर केली. कॅसेट गावाच्या वाटेला लागली होती.

तिचं उत्तर मी आवाज बारीक करून, टेपरेकॉर्डर कानाला लावून ऐकलं. मागे म्हैस हंबरत होती.

"गोठ्यात येऊन बोलतेय. सासूबाई हाका मारतायत, मारू देत. त्या माणसाला थांबवलंत ना, ते पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. आता परत खोलीत बसून बोललात तर मी कॅसेट लावायची नाही."

त्याच संध्याकाळी मी साइटवरच्या भंगारात फळ्या शोधायला निघालो. कुणाला विचारलं नाही. ओळंबा खोलीवरच ठेवला.