गुरुवारी सव्वातीनला घरी कोण आलं

या सदरातले अनुभव मी वाचते ते कंपनीच्या बसमध्ये वेळ जावा म्हणून. विश्वास? शून्य. अंबडला एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट मोजायचे, मापात बसला तर सही, नाही बसला तर लाल डब्यात... अकरा वर्षं हेच केलंय. त्यामुळे कुणी भास, संकेत वगैरे सांगायला लागलं की मी आधी विचारते — किती वाजता? कुणी पाहिलं? मधलं अंतर किती? हेच प्रश्न मला स्वतःच्या घरात विचारायची वेळ आली. उत्तरं मिळाली, तरी काही कळलं नाही. म्हणून लिहितेय.

सिडकोत पहिल्या मजल्यावर आमचा वन बीएचके आहे. मी आणि आई. पप्पा जाऊन नऊ वर्षं झाली. अभय माझा भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आम्ही मराठी ख्रिस्ती, आजोबांपासून एकाच जुन्या चर्चला जाणारे. अभय इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि तिथे मित्रांबरोबर मॉर्मन म्हणतात त्या चर्चला जायला लागला. आधी चहा सोडला, त्यांच्यात चालत नाही म्हणून. आईला तेवढंच झोंबलं, कारण संध्याकाळचा चहा ती त्याच्याबरोबर प्यायची. मग डिग्री झाल्यावर म्हणाला, "मी मिशनवर जातोय. दोन वर्षं." कुठे जायचं ते चर्च ठरवणार. त्याला फिलिपिन्समधलं एक बेट मिळालं.

त्यांच्यात पद्धत अशी — कायम दोघादोघांनी राहायचं, एकट्याने फिरायचं नाही. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी नावाची पट्टी. सकाळी साडेसहाला उठायचं, अभ्यास, मग दिवसभर लोकांच्या घरी जायचं, त्यांची भाषा शिकायची, आपला धर्म शिकवायचा, कुणाचं छप्पर उडालं असेल तर बांधायलाही जायचं. सिनेमा नाही, टीव्ही नाही. घरी आठवड्यातून एकदा फोन, सोमवारी. पट्टीवर लिहिलेलं 'एल्डर साळवे'. एल्डर म्हणजे वडीलधारा! जेवल्यावर स्वतःचं ताट न उचलणारा आमचा पोरगा, तो वडीलधारा.

सोमवारी माझी साप्ताहिक सुट्टी. त्यामुळे फोन धरायचं काम माझं. आई दहा वाजताच तयार होऊन बसायची. इस्त्रीची साडी, पावडर, केसांना तेल. साडेअकराला त्याचा चेहरा स्क्रीनवर आला की ती वीस वर्षांनी तरुण व्हायची.

"आई, मी हाताने कपडे धुतो. आठ दिवसांचे!"

"अगं बाई! हात दुखतात का रे?"

"आई, काल भात केला. फिनाऊ म्हणाला, मस्त झालाय." फिनाऊ म्हणजे त्याचा जोडीदार, टोंगा बेटांवरचा, दारात मावणार नाही एवढा धिप्पाड.

आणि मग आठवडाभर तेच. खालच्या लताकाकूंना, रविवारी चर्चमध्ये, दूधवाल्याला — "आमचा अभू कपडे धुतो, भात करतो, एका आजीबाईंना पाठीवर घेऊन नदी ओलांडली त्याने." मी चौदाव्या वर्षापासून या घरातले कपडे धुतेय. आईचे गुडघे गेल्यापासून तिला अंघोळ मी घालते, पायाची नखं मी कापते. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. खरं लिहायचं तर मी जळत होते. फोन धरता धरता हात भरून यायचा, आणि दोघांपैकी एकानेही कधी म्हटलं नाही की सुजा, तू पण बस ना समोर.

तो खरंच बदलत होता, हे आणखी वाईट. पहिले दोन महिने रडायचा. भाषा येत नाही, लोक दार लावून घेतात, फिनाऊ घोरतो. मग हळूहळू शांत झाला. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायला लागला. एकदा मला म्हणाला, "ताई, तू दमलेली दिसतेस." मला इतका राग आला! दोन वाक्यं प्रेमाची बोलायला याचं काय जातं, असं वाटलं.

आणि मग एका सोमवारी मी तो फोन कापला.

आदल्या दिवशी आईने चर्चमध्ये कुणाला तरी सांगितलं होतं, "सेवा करावी तर माझ्या मुलाने." मी शेजारीच तिचा हात धरून उभी होते. दुसऱ्या दिवशी साडेअकराला फोन वाजला. आई बाथरूममध्ये होती. मी लाल बटण दाबलं आणि मेसेज टाकला — 'आई झोपलीय. बरं वाटत नाही तिला. पुढच्या सोमवारी बोलू.' मग आवाज बंद केला. आई दोन वाजेपर्यंत इस्त्रीच्या साडीत बसून राहिली. "नेटवर्क नसेल गं," मी म्हटलं. ती म्हणाली, "हो, तिकडे पाऊस फार असतो." जेवली नाही.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारची गोष्ट.

तीन पंचवीसला मला लताकाकूंचा फोन आला. त्या खालच्या मजल्यावर राहतात, इगतपुरीच्या, त्यांचे मिस्टर रेल्वेतून रिटायर. अभय गेल्यानंतर राहायला आल्या, त्याला कधी भेटलेल्या नाहीत. "सुजाताताई, लवकर या. आई पडल्यात बाथरूममधी. पण घाबरू नका, पलंगावर हायेत."

मी पोचले तेव्हा आई पलंगावर सरळ झोपलेली, अंगावर चादर, कपाळाला ओला पंचा नीट बांधलेला. बाथरूममध्ये बादली कलंडलेली, सगळीकडे पाणी. अँब्युलन्सने तिला मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. एक्सरे निघाला. खुब्याचं हाड मोडलेलं.

बाहेर बाकावर बसल्यावर लताकाकूंनी विचारलं, "तुमचा भाऊ कधी आला वो?"

"कुठला भाऊ?"

"अहो, मी पायरीवर तांदूळ निवडत होते. वरून पोरगा आला खाली. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पट्टी. मला वाटलं औषधकंपनीचा माणूस. म्हणला, 'काकू, वर आई एकटी आहे, जरा बघाल का?' आई म्हणला तवा कळलं, तुमचा भाऊ. बाह्या कोपरापर्यंत ओल्या. आन् गेला गेटातून. मी वर आले तर दार उघडं."

मी मोबाइलमधला अभयचा फोटो दाखवला. माझ्या शाळेतल्या मित्राचा एक, चुलतभावाचा एक, मधे अभयचा. मुद्दाम मिसळून. काकूंनी बोट ठेवलं ते अभयवरच.

"किती वाजले होते?"

"सव्वातीन. आमच्यांची गोळी द्यायची असते तेव्हा, म्हणून ध्यानात हाय."

आमच्या दाराला लॅच आहे. ओढलं की लागतं, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. किल्ल्या दोन. एक काकूंच्या घरी खिळ्याला, ती तिथेच होती. दुसरी माझ्या पर्समध्ये, कारखान्याच्या लॉकरमध्ये.

संध्याकाळी हाडांच्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "पेशंटला बाथरूममधून कुणी काढलं? शाबासकी द्यायला हवी. एकट्याने ओढलं असतं तर हाड सरकलं असतं. एकाने खांद्याकडे धरलंय, दुसऱ्याने पाय सरळ धरलेत. कोण होते दोघं?"

मी म्हटलं, "माहीत नाही." ते माझ्याकडे, घरची भांडणं आहेत वाटतं, अशा नजरेने बघत राहिले.

आई चौऱ्याहत्तर किलोची. बाथरूमपासून पलंगापर्यंत चौदा फूट. मी नंतर टेप लावून मोजलं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी आई नीट बोलायला लागली. "अभू आला होता," ती म्हणाली. पाऊस पडला होता म्हणावं, इतक्या सहज. "मी पडल्यावर तुलाच हाक मारली गं. सुजा, सुजा करत होते. डोळे उघडले तर अभू. म्हणाला, 'हळू, आई, हळू.'"

"मला हाक मारलीस?"

"मग कुणाला मारणार? तूच असतेस ना."

"आणि पायाकडे कोण होतं?"

"मला काय दिसणार? माझं डोकं त्याच्या छातीशी. कुणी होतं बहुतेक... बोलल्यासारखं वाटलं."

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन रडले. आई वाचली म्हणून नव्हे, खोटं कशाला सांगू. नाव माझं घेतलं आणि आला तो! इतकी वर्षं रोज इथे मी, आणि ज्या पंधरा मिनिटांत माझी गरज होती, तेवढी त्याने समुद्रापलीकडून येऊन घेतली. त्या वेळी मी काय करत होते तेही मी तपासलं. इन्स्पेक्शन शीटवर तीन दहाचं माप, तीन वीसचं माप. दोन्ही माझ्या अक्षरात. दोन्ही मापात.

पुढच्या सोमवारी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून मी फोन घेतला. अभयला ऑपरेशनचं कळवलेलंच होतं, बाकी काही नाही. म्हणाला, "ताई, मी परवानगी मागतो, घरी येतो."

"येऊ नकोस," मी म्हटलं. "मी आहे. पूर्ण करूनच ये." त्याला वाटलं, ताई किती समजूतदार! मला फक्त ते दिवस माझ्या एकटीचे हवे होते.

मग विचारलं, "गुरुवारी तुमच्याकडे पावणेसहा वाजले असतील तेव्हा तू कुठे होतास?"

त्याने मान वळवून फिनाऊला इंग्रजीत सांगितलं, 'ताई गुरुवारचं विचारतेय.' मागून फिनाऊने फोन घेतला. मोडक्या इंग्रजीत सांगायला लागला — एका कुटुंबाच्या घरी होतो, प्रार्थना चालली होती, साळवे मधेच गप्प झाला. हलवलं तरी डोळे उघडेना. दहा-बारा मिनिटं. मग उठला आणि इकडेतिकडे बघत विचारायला लागला, माझी बहीण कुठे गेली? "आणि सिस्टर, त्याच्या बाह्या ओल्या होत्या. पाऊस नव्हता. मी डायरीत लिहिलंय."

अभयने फोन परत घेतला. "चक्कर आली होती, ताई. घरी आल्यावर बोलू."

आठ महिन्यांनी तो आला. वाळलेला, काळवंडलेला, पाय फुटलेले. दुसऱ्या दिवशी साडेसहाला उठून त्याने आईसाठी पाणी तापवलं. वॉकर धरून तिला गॅलरीपर्यंत नेलं. चादरी धुतल्या. आई गॅलरीतून लताकाकूंना ओरडून सांगत होती, "बघा, माझ्या लेकाने धुतल्या!" मी त्याच चादरी आठ महिने धुतल्या होत्या.

चौथ्या दिवशी सोमवार होता. आई जेवून झोपली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होतो. मी आधी माझं सांगून टाकलं. "तो फोन मी कापला होता. आई झोपली नव्हती."

"माहितेय," तो म्हणाला. "साडेअकराला आई कधी झोपलीय?"

"रागावला नाहीस?"

"रागावलो. तीन दिवस. प्रार्थनेला बसलो तरी तुझ्याशी भांडतच होतो मनात. त्या गुरुवारीही तेच चाललं होतं." मेथीची जुडी बाजूला ठेवून तो म्हणाला, "फिनाऊने सांगितलं तेवढंच मला माहीत होतं असं नाही, ताई. मला आठवतं."

"मग सांग, आत कसा आलास? दार बंद होतं."

"तू उघडलंस ना."

"मी? मी कारखान्यात होते."

"मी जिन्यात होतो. तू दार उघडलंस. मरून कोट होता अंगात, हातात किल्ली. म्हणालीस, 'लवकर ये, मला एकटीला उचलत नाही.' मी डोक्याकडे गेलो, तू पाय धरलेस. मला दोनदा ओरडलीस, 'वाकवू नको, सरळ धर.' मग पंचा तूच बांधलास, मी नुसता भिजवून दिला. तू म्हणालीस, 'खाली काकूंना सांगून जा.' मी गेलो. मागे बघितलं तर तू आईचे पाय पुसत होतीस."

आता माझ्यातली इन्स्पेक्टर. मरून कोट कंपनीने तो गेल्यावर दिले, आधी राखाडी होते. सोमवारच्या फोनवर मी कधी कोटात नसे. पण चार दिवस तो कोट आमच्या दोरीवर वाळत होता, म्हणजे हा पुरावा बाद. डॉक्टर काय म्हणाले ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पण आईच्या कानावर गेलं असेल, तिने फोनवर सांगितलं असेल. विचारलं तर नाही म्हणाली. तिला धड आठवतही नाही.

आणि अभय खोटं बोलत नाही, पण दोन वर्षं तो लोकांच्या घरी बसून दुःखी माणसांना बरं वाटेल असं बोलायलाच शिकला. मी तोंडावर विचारलं, "माझ्या समाधानासाठी सांगतोयस का?"

तो म्हणाला, "नाही. मला तर वाटलं होतं, तुला आठवत असेल."

मला काहीही आठवत नाही. त्या दुपारी डोळ्यांपुढे अंधारी नाही, हाताला ओल नाही, कुठून हाक आल्यासारखंही वाटलं नाही. लॉकर उघडल्याची नोंद नाही. माझ्यासाठी ती साधी दुपार होती, दोन मापं आणि मधे दहा मिनिटं.

हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर जरूर लिहा, पण मनःशक्ती वगैरे मोघम नको. आईला मी अभयचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "असेल बाई, तूच असशील," आणि माझा हात बराच वेळ धरून बसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मला बरं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण आत कुठेतरी अजून तेच जळतंय... मी तिथे होते की नाही मला ठाऊक नाही. असेन, तर तेही पाहायला मिळालं ते त्यालाच.