दोन विहिणी आणि म्हैसमाळ

म्हैसमाळला जायचं ठरलं ते डोंगर बघण्यासाठी नव्हे. माझी लेक प्राजक्ता आणि जावई महेश यांना दोन विहिणींना एका गाडीत कोंडायचं होतं. मी परभणीची निवृत्त शिक्षिका. विहीणबाई शांताबाई ताडकळसच्या, किराणा दुकान सांभाळणाऱ्या. आम्ही बौद्ध, ते लिंगायत. पोरांनी आपल्या पसंतीनं लग्न केलं त्याला वर्ष झालं, पण आम्हा दोघींचं बोलणं अजून पाऊसपाण्यापलीकडे गेलं नव्हतं.

विहीणबाईंचं म्हणणं पडलं की एवढ्या लांब कशाला, पोखर्णीच्या नरसिंहाला जाऊन येऊ. मी लगेच होकार दिला. दुपारी घरी येता आलं असतं. प्राजक्ता म्हणाली, "म्हणूनच नको. पोखर्णीहून तुमच्यापैकी कोणीही ऑटो करून निघून येईल. म्हैसमाळहून येऊन दाखवा."

भाद्रपदातल्या एका रविवारी पहाटेच निघालो. पोरं पुढे, आम्ही दोघी मागे, आणि मध्ये बांध घालावा तशा दोघींच्या डब्यांच्या पिशव्या. त्यांच्या पिशवीत दशम्या (दुधात मळलेल्या भाकरी) होत्या, माझ्या पिशवीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि ठेचा. जालन्याला आम्ही चहाला उतरलो. विहीणबाई बाहेरचं काही घेत नाहीत, त्या गाडीतच बसून राहिल्या.

खुलताबाद मागे पडलं आणि घाट लागला. पहिल्याच वळणावर विहीणबाईंनी माझा गुडघा घट्ट धरला. मी दाराची कडी धरली होती, त्यामुळे कोणी कोणाला धीर द्यावा हा प्रश्नच होता. वर पोचता पोचता गाडी पांढऱ्या धुक्यात शिरली. त्यांनी काच खाली करून हात बाहेर काढला.

"म्याडम, हे धुकं हाय का ढग?"

"ढगच म्हणायचा," मी म्हणाले.

त्या ओला तळवा बराच वेळ बघत बसल्या.

माथ्यावर हिरवंगार पठार, पिवळी रानफुलं आणि कणसं भाजल्याचा वास. दरी बघण्यासाठी कठड्यापाशी गेलो, पण दरी ढगानं भरलेली. महेशनं इथून काय काय दिसतं ते हात लांबवून दाखवलं आणि आम्ही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.

जेवायला सतरंजी पसरली. विहीणबाई हात धुवायला वळल्या तेवढ्यात एक वानर आलं, त्यांची पिशवी उचलून झाडावर गेलं आणि निवांत दशम्या खाऊ लागलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, महेशनं चप्पल फेकली. चप्पल झाडावरच अडकली.

माझा डबा सतरंजीवर उघडा पडला होता, आणि "घ्या" म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती. नको म्हणाल्या असत्या तर प्राजक्तासमोर माझा पडलेला चेहरा लपला नसता. एका पायात चप्पल घालून उभा असलेला महेश म्हणाला की हॉटेलातून काहीतरी आणतो.

विहीणबाईंनी मान हलवली. "हाटेलात कोण केलं, कसं केलं, काय ठाव? ह्ये करणारी तर समोर बसलीय." त्यांनी स्वतःच माझ्या डब्यातली भाकरी मोडून घेतली.

दोन घास झाल्यावर, माझ्याकडे न बघता, त्या हळूच म्हणाल्या, "लग्नात मी जेवले न्हाई. तुमी वळखलं आसंल."

"ओळखलं होतं."

"लोकं बगायलते."

मी त्यांच्या ताटात वांगं वाढलं. राग गेला होता असं नाही, पण आता तो एकटीनं धरून बसायची गरज उरली नव्हती. त्यांनी वांगं संपवलं, बोट चाटलं आणि सांगितलं की वांगी लय चांगली झालीत, ठेच्यात मात्र मीठ कमी पडलंय. पोरांनी श्वास रोखला. मी ठेचा चाखून पाहिला. मीठ खरंच कमी होतं.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. घरी कोणी विचारलं तर म्हैसमाळचं काय सांगावं, याचा मी विचार करत होते. दरी दिसली नव्हती, सूर्यास्तही नाही. माणसं डोंगरावर लांबचं बघायला जातात. आम्हाला ढगानं हातभरापलीकडचं काही दिसूच दिलं नाही, आणि तेच बरं झालं.

जालन्याच्या आधीच विहीणबाईंना झोप लागली आणि डोकं माझ्या खांद्यावर कललं. प्राजक्ता मागे वळून काही बोलणार, तोच मी तिला बोटानं गप्प केलं. मंठा गेलं. खांद्याला मुंग्या आल्या, हात बधिर झाला. परभणीचे दिवे दिसेपर्यंत मी हलले नाही.