चुलीवरचं साडीगार्ड

तुक्याच्या गाडीला हात लावायची मुभा जगात दोघांनाच होती. एक तो स्वतः, दुसरा मी. माझं नाव नविन, आशागडच्या नाक्यावर माझं गॅरेज आहे. तुक्या कैनाडचा, तारापूरला एका कारखान्यात फिटर. गाडी म्हणजे लाल सीबीआर, अडीचशे सीसी, तेरा वर्षांची, आधीच्या दोन मालकांनी पार पिदडलेली. तुक्याने ती अशी उभी केली की नवी गाडी शेजारी लावायला लोक लाजायचे. रविवारी सकाळी तो माझ्याकडे यायचा आणि जुन्या बनियनने तिचा एकेक नट पुसत बसायचा. मी चिडवायचो, "अरे, एवढी घरच्या बुधीची पाठ चोळली असतीस तर बाई खूश झाली असती." तो हसायचा, पण पुसायचं थांबवायचा नाही.

डोकं मात्र तापट. चिंचणीच्या बाजारात एका व्यापाऱ्याने मासळीची ओली टोपली गाडीच्या सीटवर टेकवली, तर याने टोपली उचलून त्याच्याच डोक्यात घातली. रघ्या टमटमवाला माझ्या दारात फोटो काढायला म्हणून टाकीवर बसला. तुक्याने काही विचारलं नाही, हातातलं हेल्मेट सरळ त्याच्या तोंडावर मारलं. रघ्याचा पुढचा दात माझ्या जुन्या ऑइलच्या ट्रेमध्ये पडला. रघ्या रक्त थुंकत गेला आणि मी तो दात चिमट्याने बाहेर काढला. तेव्हा मला हसू आलं होतं. आज ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

त्याच सुमारास तुक्या म्हणाला, "नविनभाय, हे साडीगार्ड काढून टाक. बाईमाणसाची गाडी वाटते."

"बुधी बसते ना मागे?"

"ती काय रोज बसते? काढ."

मी काढलं. चार बोल्ट, पाच मिनिटं. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला, जिथे बायका दोन्ही पाय सोडून बसतात, तिथली ती जाळी त्याने घरी नेली. बुधीने ती चुलीवर ठेवली आणि तिच्यावर सुके बोंबील भाजायला लागली. तुक्या मला सांगायचा, "गाडीवर होती तेव्हा काय कामाची नव्हती, आता रोजची भाकर तिच्यावर." आम्ही दोघं हसायचो. अक्कल गहाण टाकली की हसू स्वस्तात मिळतं.

बुधी आणि तुक्या सात वर्षं एकत्र राहत होती. लग्न लागायचं बाकी होतं. आमच्या पाड्यांवर यात कोणाला नवल वाटत नाही. सवड झाली की मांडव घालायचा, मग मुलंही आईबापाच्या वरातीत नाचतात. यंदा ते घालणार होते. लग्न लावणाऱ्या धवलेरीला सांगायला आणि तिथूनच तलासरीकडे बुधीच्या माहेरी जायला, एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास दोघं निघाली. बुधीने ऊन लागतं म्हणून हिरव्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन गळ्याभोवती गुंडाळला होता. टोक मागे उडत होतं.

नाक्याच्या अलीकडे ते टोक चेनमध्ये गेलं.

मी आत एका गाडीचं इंजिन खोलून बसलो होतो. आधी लोखंड घासल्याचा आवाज आला, मग रघ्याचा. "चोर! चोर! बाईचं मंगळसूत्र ओढलं!" मी हातात होता तो पाना घेऊन धावलो. रस्त्यावर एक बाई गुडघ्यावर बसली होती, तोंड सुटलेल्या केसांनी झाकलेलं. गळा उघडा, त्यावर लालभडक कापलेला वळ, आणि गळ्यात मंगळसूत्र नाही. असणार कुठून? पण त्या क्षणी कोणाला ते सुचलं? उघडा गळा, लाल वळ, गटारात उलटी पडलेली स्पोर्ट बाइक आणि हेल्मेटवाला माणूस, एवढं सगळ्यांना पुरलं.

पंधरा-वीस जण त्याच्यावर तुटून पडले होते. लाथा, बांबू, कोणाचा तरी पट्टा. हेल्मेटवर दगड आपटल्याचा आवाज येत होता. गर्दीतून एक हात बाहेर आला, डावा, बोटं पसरलेली, थांबा म्हणत असल्यासारखा. मी त्या हातावर पाना मारला. एकदा नाही, दोनदा. बोटं मोडल्याचं पान्यातून माझ्या मुठीला कळलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं.

बाई ओरडायला बघत होती, पण पदराने गळा असा आवळला होता की आवाजच फुटत नव्हता. ती उठली, पडली, पुन्हा उठली. गर्दीत घुसून तिने सर्वांत पुढे असलेल्या रघ्याचं मनगट दातांत धरलं. तो किंचाळला, तरी तिने सोडलं नाही. तोंडाला रक्त लागलं तेव्हा लोक मागे सरले. मग ती गटारात पडलेल्या गाडीपाशी गेली. चेनमध्ये हिरवं कापड घट्ट गुंडाळलं होतं, पिवळ्या काठाचं. तिने आपल्या लुगड्याची फाटकी कड त्याच्याशेजारी धरली आणि आमच्याकडे बघत राहिली.

तेव्हा मी गाडीकडे बघितलं. माझ्या हाताने घट्ट केलेला एकेक नट तिच्यात होता, फक्त साडीगार्ड नव्हतं.

रघ्याने गाडी पहिल्या नजरेतच ओळखली होती. दाताचा राग त्याने असा काढला. पण माझं काय? मला तर कसलाच राग काढायचा नव्हता. पोलीस आले तेव्हा सगळे म्हणाले, गर्दी होती. मीही तेच म्हणालो.

तुक्या वाचला. बरगड्या जुळल्या, डोळा जरा तिरका राहिला. डाव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली. त्या दिवशी त्याला दवाखान्यात मीच पोचवलं होतं आणि गाडी गटारातून ओढून गॅरेजात आणून ठेवली होती. अडीच महिन्यांनी दोघं चालत आली. बुधीने पदराखालून ती जाळी काढून माझ्यासमोर ठेवली. चुलीच्या धुराने काळी झालेली, बोंबलाचा वास येणारी.

"लाव," ती म्हणाली. तिचा आवाज आता कायमचा घोगरा झालाय.

"वहिनी, घासून देतो, रंग मारतो."

"नको. अशीच लाव. रोज दिसू दे त्याला."

मी चार बोल्ट आवळले. बुधी समोरच्या नळावर पाणी प्यायला गेली. तुक्या गाडीवर बसला आणि राहिलेल्या दोन बोटांनी क्लच दाबायला लागला. गाडी दोनदा बंद पडली. मी खाली मान घालून उभा होतो. सांगायचं होतं, पण मी हातातला पाना पुसत राहिलो.

"पडलो होतो तेव्हा तुझी चप्पल दिसली," तो हळूच म्हणाला. "ग्रीसवाली. मग हातावर पाना आला."

"तुक्या, मी..."

"बुधीला सांगू नको. रघ्याचं मनगट बघितलंस ना? तुला ती सोडायची नाय." मग त्याने गाडीच्या टाकीवर थोपटलं. "आणि हिला दुसरा हात चालत नाय मला."

तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली. बुधी येऊन मागे बसली, दोन्ही पाय डावीकडे, त्या काळ्या जाळीवर. एका हाताने तिने पदर मुठीत धरला, दुसरा त्याच्या खांद्यावर ठेवला आणि जाताना मला म्हणाली, "भाऊ, लग्नाला ये. तुझ्याशिवाय होता कोण आमचा त्या दिवशी?"